वाऱ्यावरचा आरसा

आज ओढायला एक दाताळं कमी पडलं तर वर्षाचं मीठ पाण्यात जाईल, असं सवशी पहाटेपासून म्हणत होता, आणि ते खोटं नव्हतं. रणाच्या खाऱ्या माळावर पश्चिमेला आभाळ काळवंडलं होतं. फाल्गुनात पाऊस यायचं काही कारण नव्हतं, पण यायची लक्षणं होती. दिवाळीपासून विहिरीचं खारं पाणी उपसून, चिखल तुडवून पिकवलेलं मीठ आता कुठं दाण्यावर आलं होतं. ते ओढून ढिगाला लावायचं आणि वर ताडपत्री बांधायची. त्या कामाला घरात माणसं तीन, आणि त्यातलं एक परीक्षेला निघालेलं.

"लाभु जाणार," दाताळं न थांबवता त्याची बायको वेजी म्हणाली.

"मीठ गेल्यावर खायचं काय? तिचे गुण?"

"तिच्या वाटणीचं मी ओढते."

"ओढशील. मग उद्या तुला कोण ओढणार?"

वेजीनं लेकीच्या हातात फोन दिला, फडक्यात बाजरीचा रोटला बांधून दिला आणि मानेनंच जा म्हणून खुणावलं.

गावातल्या शिक्षिका हेतलबेननी सगळं नीट समजावलं होतं. निवासी शाळेत नववीला घेणार, त्याची परीक्षा फोनवरच. पेपर अकराला उघडणार, बाराला मिटणार. मधेच सोडला तर पुन्हा आत जाता येणार नाही. वयाच्या हिशेबानं लाभुला ही एकच खेप होती. हुकली की जन्मभर दाताळं.

आगरावर फोन नुसता मुका. रेंज मिळायची ती कोसभर लांब, जुन्या देरीच्या, लहानशा देवळाच्या टेकाडावर. हिवाळाभर पोर तिथं जाऊन हेतलबेनचे धडे बघायची आणि मीठ ओढताना बीजगणित पुटपुटायची. सवशी म्हणायचा, पोरगी मिठावर मंतर टाकतेय.

रणात झोपड्या लांब लांब, हाक पोचत नाही. म्हणून घरटी आरसा. उन्हात एकदा चमकला तर सगळं बरं आहे. दोनदा चमकला तर पाण्याचा टँकर आला. आणि चमकतच राहिला, तर हातातलं टाकून धावायचं. कुणाला साप चावलाय, नाहीतर कुणी विहिरीत गेलंय. पोर चालायला लागलं की आधी हे शिकतं. म्हणूनच काम झालं की आरसा आत न्यायचा आणि तोंड भिंतीकडे करून ठेवायचा.

अकरा वाजले आणि टेकाडावरून एकदा चमक आली. पेपर उघडला. वेजीनं आरशानं एकदा जबाब दिला. तेवढ्यात वारा सुटला. ताडपत्री उडाली म्हणून सवशी ओरडला. आरसा झोपडीच्या खांबाला खिळ्यावर अडकवून ती पळाली. आत ठेवायला हवा होता, असं वाटेत मनात आलंही. पण ताडपत्री हाताशी आली होती.

मग दोघं मान खाली घालून मीठ ओढत राहिली. मान वर झाली ती शेजारच्या आगरातला पबाभाई समोर येऊन उभा राहिला तेव्हा. म्हातारा धापा टाकत होता, खांद्यावर दाताळं तसंच. मागून त्याच्या सुना, पलीकडून चकुचं सगळं घर धावत येत होतं.

"कोण गेलं?" पबाभाईनं विचारलं.

"कोण जाणार?"

"मग तुझा आरसा मघापासून बोंबलतोय तो कशाला?"

खांबावर आरसा वाऱ्यानं गरगर फिरत होता आणि ऊन चहूकडे फेकत होता. वेजीनं टेकाडाकडे पाहिलं. तिकडून धुळीची एक बारीक रेघ येत होती.

ती झोपडीकडे धावली. आरसा काढून टेकाडाकडे धरला. एकदाच चमकवायचा होता. बरं आहे, बस, लिही. पण तेवढ्यात ढगानं सूर्य झाकला. आरशात तिला स्वतःचंच तोंड दिसलं.

लाभु आली तेव्हा पायात चपला नव्हत्या.

"बा," आईचे खांदे धरत ती म्हणाली, "तू बरी आहेस?"

"बरी आहे."

"बापू?"

"ते बघ, उभे आहेत."

"मग झालं," म्हणत ती मिठातच खाली बसली.

"पेपर?" वेजीनं विचारलं.

"निम्मा झाला होता." तळपायाचं मीठ झटकत ती म्हणाली, "सोपा होता, बा."

धावत आलेली माणसं तशीच परत कशाला जातील? आभाळ बघून सगळ्यांनी दाताळी लावली. लाभुही उठली. पहिले थेंब पडायच्या आत मीठ ढिगाला लागलं आणि ताडपत्री बांधून झाली. एक खडाही भिजला नाही. सवशीनं सगळ्यांना चहा केला.

"वेजी, आरसा तुझा हुशार," पबाभाई म्हणाला. "बरोबर वेळेला माणसं गोळा केली."

सगळे हसले. सवशीही हसला. मग त्याची नजर बायकोकडे गेली आणि त्यानं कप खाली ठेवला.

आरसा दगडावर आपटावा असं वेजीच्या मनात आलं. पण रणात आरसा कुणी फोडत नाही; उद्या कुणाच्या जिवावर बेतेल, सांगता येत नाही. तिनं तो पदरानं पुसला, आत नेला आणि तोंड भिंतीकडे करून ठेवला.