फाटकाच्या अलीकडे

चांगो पाटील दुसऱ्यांदा जुन्या हायवेच्या मधोमध सापडले, तेव्हा त्यांच्या मुलीने, हर्षलाने ठरवलं की आता हे पुन्हा होऊ द्यायचं नाही. बाबांना आताशा गोष्टी आठवत नसत. लोधिवलीचं त्यांचं घर हायवेला लागून. आई, जिजा, दिवसभर त्यांच्या मागे किती धावणार?

हर्षला एका कंपनीसाठी घरूनच मोबाइल अ‍ॅप बनवायची. तिने आईबाबांच्या फोनसाठी एक अ‍ॅप लिहिलं. ब्लूटूथचा सिग्नल जितका कमजोर, तितके फोन एकमेकांपासून लांब. बाबा लांब गेले की आईचा फोन वाजणार.

पहिल्याच सकाळी तो सारखा वाजत राहिला. आई हातातलं काम टाकून बाहेर यायची, तर बाबा ओट्यावर पाठमोरे बसलेले.

"बंद कर गं हे," आई वैतागली. "माणूस समोर बसलाय नि हा सांगतो, गेला."

"जरा दम धर, आई."

बाबांनी पाठ फिरवली की त्यांचं अंगच सिग्नल अडवत होतं. हर्षलाने त्यांना अंगणात हिंडवलं, फोन कधी खिशात, कधी कमरेला. भिंतीआडचे, टाकीमागचे सिग्नलचे आकडे घेतले. मग एका आकड्यावर विसंबणं तिने सोडलं. सिग्नल काही क्षण सलग कमी राहिला तरच फोन वाजेल, असं केलं. पण जास्त थांबलं तर बाबा रस्त्यावर पोचणार. म्हणून बाबांच्या चालीने ती स्वतः फाटकापर्यंत जाऊन पाहत राहिली आणि हद्द फाटकाच्या बरीच अलीकडे आणली.

पुढच्याच आठवड्यात आई मागे कपडे धूत असताना फोन वाजला. ती पळत आली. बाबांचा हात फाटकाच्या कडीवर होता.

"अवो, कुठं निघालात?"

"कंपनीत. सेकंड शिफ्ट हाय."

"चला, मी येते सोडायला," म्हणत आईने त्यांचा हात धरला आणि घराला वळसा घालून त्यांना मागच्या दाराने आत आणलं.

हर्षला आतून धावत आली. आई धापा टाकत होती.

"आज बरोबर वाजला. पण फोन घरातच विसरून गेले तर गं?"



"मग मनगटावर बांधायचं काहीतरी करू," हर्षला म्हणाली, आणि दोरा घेऊन बाबांच्या मनगटाचं माप घ्यायला बसली.