न वापरलेली कडी

पारंपरिक पोशाखांच्या मिरवणुकीच्या सकाळी पोलोनाने सासूची चादर पुन्हा बदलली आणि मगच खळ घातलेली पांढरी टोपी डोक्यावर चढवली. यंदा जायचं नाही, असं तिने आठवडाभर आधीच नवऱ्याला, ब्लाझला, सांगितलं होतं. त्याने ते आईवर ढकललं. आई म्हणजे येरा, ईस्टरपासून अंथरुणाला खिळलेली. तिचं म्हणणं, या घरचा पोशाख काम्निक गावाच्या रस्त्यावर दिसला नाही, तर लोक घराला कुलूप लागलं समजतील.

सासूला काही दिवस दुसरीकडे ठेवायचंही पोलोनाने सुचवून पाहिलं होतं. क्रान्यला राहणारी नणंद मिलेना हिवाळाभर आईला न्यायला तयार होती, खोलीसुद्धा रिकामी करून बसली होती. "या घरातून मी आडवीच निघेन," असं म्हणून येराने तो विषय बंद केला होता.

कमरेची चांदीची साखळी घरातल्या मोठ्या बाईने अडकवायची, असा रिवाज. आकडा कडीत बसला की उरलेलं टोक एप्रनवर लोंबतं. पोलोना खाटेच्या कडेला येऊन उभी राहिली. उभ्या उभ्या तिचे डोळे मिटत होते.

"लग्नात हे टोक बोटभर उरलं होतं," येरा म्हणाली. "माहेरची सगळी डुकरं खाऊन आली होतीस."

"तुमच्याकडे मिळायची खात्री नव्हती, आई."

येरा हसली आणि बोटांनी चाचपत नेहमीची कडी शोधू लागली. वर्षानुवर्षं आकडा बसून ती कडी घासून चकचकीत झाली होती. तिथे अडकवली, तर साखळी घसरून कुल्ल्यांवर आली. येराने पुढची कडी धरली, मग तिच्या पुढची. इथल्या कड्या काळ्या होत्या. त्यांना आकडा कधी लागलाच नव्हता. अखेर साखळी बसली, तेव्हा टोक एप्रनच्या काठाला टेकलं होतं.

येराने ते टोक हातातून सोडलं नाही.

"तू जेवतेस कधी गं?"

"तुमचं आटोपलं की."

"आणि माझं कधी आटोपतं?"

पोलोना खाटेवर टेकली.

येराने ब्लाझला हाक मारली. मिलेनाला फोन कर, गाडी घेऊन आजच ये म्हणावं, असं सांगितलं.

"पण तूच म्हणाली होतीस ना..."

"म्हणाले होते. हिवाळ्यापुरती जाते. आणि बसवून न्या मला, आडवी नाही."

पोलोनाला हे सगळं दुरून, भिंतीपलीकडून यावं तसं ऐकू येत होतं. ब्लाझ म्हणत होता, बँड चौकात आला, हिला उशीर होतोय.

"होऊ दे," येरा म्हणाली. "बसल्या बसल्या झोपलीये ती. टोपी तेवढी हळूच काढ, मोडेल."