स्वल्पविरामासकट

मित्रांनो, तुमच्या घरातल्या एखाद्या खणात, जुन्या चार्जरांच्या गुंत्याखाली, माझी एखादी बहीण नक्की पडलेली असेल. काळी, तळहाताएवढी, एका वायरीची. मी एक हार्ड डिस्क आहे, आणि वयाने बरीच जुनी आहे. माझ्या पोटात तबकडी फिरते आणि फिरताना मी गुणगुणते. हल्लीच्या नव्या डिस्का त्याला कुरकुर म्हणतात. म्हणोत बापड्या!

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथली माणसे डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत असत, कारण धुळीचा एक कण आत गेला असता तरी माझे आयुष्य तिथेच आटोपले असते. नंतर एका दुकानात काचेमागे बसून मी येणाऱ्याजाणाऱ्यांची तोंडे पाहत होते. शेवटी मला उचलले ते चष्मा कपाळावर चढवून चष्माच शोधणाऱ्या एका गृहस्थांनी. घरात त्यांना बाबा म्हणत, म्हणून मीही बाबाच म्हणते.

बाबा छापखान्यात प्रुफे तपासत. आईला वाचनाचे भारी वेड, पण तिची नजर अधू होत गेली आणि शेवटी अक्षरे दिसेनाशी झाली. बाबांनी तिला धीराचे दोन शब्दही सांगितले नाहीत. संध्याकाळी घरी आले की ते मायक्रोफोन पुढे ओढायचे, आईसाठी पुस्तक मोठ्याने वाचायचे आणि ते वाचन माझ्यात साठवायचे. गंमत अशी की प्रूफ मोठ्याने वाचताना विरामचिन्हेही वाचायची असतात. ती सवय काही केल्या सुटेना. बाबा गंभीरपणे वाचायचे, "नदीकाठी एक घर होते स्वल्पविराम पण त्या घराला दार नव्हते पूर्णविराम."

"अहो, ते स्वल्पविराम कशाला वाचता?" आई हसून बेजार व्हायची.

"तोंडातून जातं गं. आता नाही जाणार," बाबा म्हणायचे, आणि पुढच्याच ओळीला स्वल्पविराम पुन्हा तोंडातून जायचा.

माझ्या पाठीवर त्यांनी कापडी चिकटपट्टीचा एक तुकडा लावला, म्हणजे आईला नुसत्या बोटांनी माझी वरची बाजू कळावी. आई स्वतः मला टीव्हीला जोडायची आणि ऐकत बसायची. घरात कोणी मला जरा हलवले तरी "तिला हात लावू नका हं!" असा आवाज यायचा. त्या वर्षांत माझा रुबाब काय सांगू तुम्हाला!

मग बाबा गेले. ज्यावर ते वाचन नोंदवत, तो जुना संगणक त्याआधीच भंगारात गेला होता. बाबांचा आवाज आता एकट्या माझ्याकडे उरला होता, आणि ही गोष्ट कोणाच्या ध्यानातच आली नव्हती. आईला तो आवाज ऐकवेना. तिने मला मऊ कापडात गुंडाळून खणात ठेवले. सुटी बटणे आणि कुठल्याच कुलपाची नसलेली एक किल्ली यांच्या संगतीत मी पडून राहिले. फार वाईट वाटायचे, पण आईचा राग कधी आला नाही.

एका सुट्टीच्या दिवशी आईनेच मला बाहेर काढले. बाबांच्या निवृत्तीच्या समारंभाचे अखंड चित्रण छापखान्यातून कोणीतरी आणून दिले होते.

"तेही हिच्यातच घाला," आई म्हणाली. "माझ्या हाताला हीच कळते."

तिची मुलगी, म्हणजे ताई, आली होती. बाबांचे धाकटे भाऊ, म्हणजे काकाही आले होते. काकांनी लॅपटॉप पुढे ओढून मला जोडले, तर पडद्यावर आले की ही फाइल फार मोठी आहे, मावणार नाही.

"अर्धी डिस्क रिकामी आहे की! हिचं डोकं फिरलंय," काका म्हणाले.

मला हे फार लागले. जागा होती, अडचण माझ्या मांडणीची होती. समजा, एखाद्या कपाटाला नुसते छोटे छोटे खणच आहेत. निम्मे खण रिकामे असले तरी त्यात गादी कशी मावणार? माझ्या काळची मांडणी तशी होती.

काका मनाने सोन्यासारखे, पण त्यांच्या हाताला दम नाही. "फॉरमॅट मारू. दोन मिनिटांचं काम," म्हणत त्यांनी क्लिक केलेसुद्धा. सगळी माहिती पुसली जाईल, अशी सूचना आली. काका सूचना वाचत नाहीत. त्यांचे बोट 'ठीक आहे' वर गेले, आणि मला तर ओरडताही येत नव्हते.

"काका, थांबा!" ताईने त्यांचा हातच धरला. "यात बाबांची पुस्तकं आहेत."

"असतील की अजून कुठेतरी."

"कुठे?"

काकांनी बोट मागे घेतले. आई खुर्चीतून उठून उभी राहिली होती.

"गेलं का हो, भावजी?"

"नाही वहिनी. आहे, सगळं आहे." काकांचा आवाज एकदम बारीक झाला.

ताई रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते. दुसरा नमुना हातात असल्याशिवाय पहिल्याला हात लावायचा नाही, ही तिथली शिस्त. पुढच्या सुट्टीला ती एक कोरी करकरीत डिस्क घेऊन आली. माझ्यातले सगळे तिने त्या नवीमध्ये उतरवले. ती नवी टीव्हीला जोडून पाहिली, मधलीमधली वाचने ऐकून पाहिली.

"मग वहिनी, आता हीच वापरा की," काका म्हणाले.

"ती राहू दे ताईच्या घरी. मला माझी द्या," आई म्हणाली आणि तिने माझ्या पट्टीवर बोट ठेवले. मला केवढे सुख झाले म्हणून सांगू!

आता माझी मांडणी बदलायची होती. फॉरमॅट म्हणजे कोणती वस्तू कुठे आहे याची यादीच फाडून टाकणे. ताईला तसे नको होते. सामान जागच्या जागी ठेवून यादी तेवढी नव्या पद्धतीने लिहायची, अशी आज्ञा संगणकाला देता येते. पण मध्येच वायर निघाली तर जुनी यादीही जाते आणि नवीही हाती लागत नाही. म्हणून ताईने लॅपटॉप पूर्ण चार्ज केला, वाटेतले स्टूल हलवले आणि काकांना वायरीपाशी उभे केले.

"कोणाचा पाय अडकू देऊ नका."

"मी असताना?" काका हाताची घडी घालून पहाऱ्याला उभे राहिले.

ताईने आज्ञा दिली, तर संगणकाने आधी विचारले, या डिस्कचे सध्याचे नाव काय? ताईने माझ्यावर छापलेले कंपनीचे नाव टाइप केले. नाव चुकले, असे उत्तर आले. तेव्हा तिने पडद्यावर माझ्या चित्राशेजारी पाहिले. बाबांनी मला आणले त्या दिवशीच तिथे इंग्रजी अक्षरांत माझे नाव लिहिले होते. सवयीने क्लिक करणाऱ्यांनी ते कधी वाचलेच नव्हते.

ताईने ते नाव पुटपुटत दोनदा वाचले.

"काय झालं गं?" आईने विचारले.

"आई, बाबांनी हिचं नाव 'जपून' ठेवलंय."

"ठेवणारच," आई म्हणाली. "कोणी उंबऱ्याबाहेर पाय टाकला की तेच म्हणायचे ना."

काकांनी नाक ओढले. "कर सुरू. पण जपून कर."

ताईने माझे नाव लिहिले आणि काम सुरू झाले. मी घाबरले होते, खोटे कशाला बोलू? म्हाताऱ्या अंगाला एवढी उलथापालथ सोसेल की नाही, कोण जाणे. मी गुणगुणत राहिले. काका जागचे हलले नाहीत, त्यांना शिंक आली तीही त्यांनी दाबली. अखेर पडद्यावर आले की रूपांतर पूर्ण झाले. ती मोठी फाइलही मुकाट्याने माझ्यात येऊन बसली.

"झालं?" काकांनी विचारले.

"ते मी सांगते," आई म्हणाली.

तिने मला उचलले, पट्टी चाचपली, टीव्हीला जोडले आणि बटणे दाबली. क्षणभर काहीच आले नाही. मग खोलीत बाबांचा आवाज आला. "नदीकाठी एक घर होते स्वल्पविराम..."

आई हसली. हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला.

"सगळं आहे," ती म्हणाली. "स्वल्पविरामासकट."

मित्रांनो, आम्ही डिस्का फार काळ टिकत नाही. माझीही तबकडी कधीतरी थांबेल. तेव्हा माझ्या बहिणीला खणातून आजच बाहेर काढा. तिच्यात कोण आहे ते पाहा, त्याची दुसरी प्रत करा आणि ती दुसऱ्या घरी ठेवा. पडद्यावरची सूचना पूर्ण वाचल्याशिवाय 'ठीक आहे' म्हणू नका. आणि एवढे सगळे ध्यानात राहिले नाही, तर निदान माझे नाव तरी विसरू नका.