छापा, असं कोण म्हणालं?

जानेफळला गजेंद्रच्या घरी त्या सकाळी चहा दोनदा गरम झाला आणि दोनदा निवला. समोर एक कागद पडला होता. गजेंद्र मुंबईच्या ज्या बातमी-कंपनीचा गावाकडचा बातमीदार, तिनं मोबाइलवर पाठवलेला, गावातल्या झेरॉक्सवाल्याकडून काढून आणलेला.

"सही कराची तं करून टाका ना," त्याची बायको काजल म्हणाली. "नोकरी राह्यते. वरून जिल्हा प्रतिनिधी करून राह्यले."

"हाव," गजेंद्र म्हणाला. पेन मात्र उचललं नाही.

कागदावर होतं:

‘दुसरबीडची बातमी मी स्वतः चुकीची पाठवली. कंपनीला व वरिष्ठांना सत्य ठाऊक नव्हतं. संपूर्ण जबाबदारी माझी.’

तीन वाक्यं. तिन्ही खोटी.

खरं असं होतं. मेहकरचा वहाब पिंजारी गाद्या भरायचं काम शोधत गाडीवर हिंडतो. दुसरबीडला त्यानं शाळेतल्या एका पोरीला रस्ता विचारला. चार जणांनी त्याला अडवलं, पोलिसांनी चौकशी केली आणि अर्ध्या तासात सोडलं. गजेंद्रनं एवढंच लिहून व्हिडिओ पाठवला. संध्याकाळी पडद्यावर काय दिसलं? ‘मुलं पळवणारी टोळी!’ आणि वहाबच्या चेहऱ्याभोवती लाल गोल.

गजेंद्रनं घाबरून फोन केला. उत्तरादाखल कंपनीच्या संपादकीय संचालकांचा व्हॉइस मेसेज मोबाइलवर आला : "सोडलं ते माहीत आहे मला. दोन दिवस चालू दे. लोक बघतायत."

दुसऱ्या दिवशी बीबी गावच्या बाजारात लोकांनी वहाबला ओळखलं. मारहाणीत उजवा हात तीन ठिकाणी मोडला. त्याच हातानं तो गादीत दाभण घालायचा.

आता गुन्हा नोंदला गेला होता. आणि कंपनीला कुणीतरी एक माणूस हवा होता. खालचा. लांबचा.

*

कागद खिशात घालून गजेंद्र मेहकरला गेला. अन्नपूर्णाबाईंकडे.

पंचवीस वर्षांपूर्वी तिथं ‘पैनकाठ’ नावाचं साप्ताहिक निघायचं. मालक-संपादक तुळशीराम आणि छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची उलटी अक्षरं, जुळवणारी त्यांची बायको अन्नपूर्णा. गजेंद्र तिथंच बातमी लिहायला शिकला. बुधवारी दुपारी यंत्र सुरू झालं की शेजारच्या किराणा दुकानातल्या बरण्या थरथरायच्या. रॉकेलचा वास, शाईचे काळे अंगठे, ओल्या कागदांची दोरीवरची रांग. अंक चारशे निघायचा, पण गावात असा धाक की हजार माणसं वाचतायत! त्या खोलीत आता शिवणयंत्र होतं. गजेंद्रनं श्वास ओढून पाहिला. वास नव्हता.

तुळशीराम जाऊन नऊ वर्षं झाली होती. बाई सत्तरीच्या. गजेंद्र समोर बसून कागद मांडीवर पसरून वाचत होता, तेवढ्यात त्या म्हणाल्या,

"तिसरी ओळ लय वाईट हाय रे गजू."

"काकू, तुमच्याकून तं उलटा दिसते!"

"जलमभर उलटंच वाचलं मी. सरळ वाचाले तुम्ही लोक होते." त्या हसल्या. मग हसू गेलं. "सही करून राह्यला?"

"पोरीचं शिक्षण हाय काकू. अन् वरच्या लोकाइले कोण धरते? आपण असे खालचे..."

"धरलं होतं एकदा. तुले आठवते का तो जानेफळचा तुळशीराम?"

आठवणार नाही कसं! चोरीत पकडलेल्या माणसाचं नावही तुळशीरामच, पण तो शेजारच्या गावचा. घाईत अन्नपूर्णाबाईंनी गाव चुकीचं जुळवलं आणि जानेफळच्या दुसऱ्याच तुळशीरामची अब्रू गेली. संपादकही तुळशीरामच, गावानं त्यावर महिनाभर टिंगल केली. बदनामीचा खटला झाला. कोर्टात संपादक उभे राहिले आणि म्हणाले, ‘खिळे माझ्या बायकोनं जुळवले. पण छापा, असं मी म्हणालो.’ दंड भरला. पुढच्या अंकात, पहिल्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत दिलगिरी. आणि तो अंक घेऊन त्या माणसाच्या दारात, शेजाऱ्यांसमोर, स्वतः मोठ्यानं वाचून आले.

"मी रडत होती घरी," बाई म्हणाल्या. "म्हटलं, चूक माही, तुम्ही काऊन उभे राह्यले? तं म्हणे, पेपरवर नाव माहं हाय. बढाई मारतानी पुढं अन् कोर्टात मांगं, असं नाही जमत."

"तसे माणसं गेले काकू आता."

"माणसं गेले म्हणून कायदा गेला का बे?" बाई एकदम चढल्या. "अन् आयक. आम्ही चुकलो होतो. चुकीले दिलगिरी पुरते. ह्या साहेबाले माहीत होतं! माहीत असून त्यानं माणूस मारायले देल्ला. ती चूक नोहे, तो गुन्हा हाय. गुन्ह्याले दिलगिरी नाही पुरत, त्याले कोर्ट लागते. अन् तू सही करून त्याले चुकीत बसवून राह्यला!"

गजेंद्रनं तिसरी ओळ पुन्हा एकदा वाचली. मग त्यानं कागदाचे चार तुकडे केले.

*

ठाण्यातला जबाब.

ठाणेदार : बातमी कोणी पाठवली?

गजेंद्र : मी. सोडून दिल्याचं त्यात लिहिलं होतं. हा पाठवलेला मजकूर.

ठाणेदार : बदलायला कोणी सांगितलं?

गजेंद्र : ऐका साहेब. हा त्यांचाच आवाज.

ठाणेदार : आणखी काही?

गजेंद्र : ... आहे. बातमी खोटी आहे हे कळल्यावरही मी ती गावातल्या सहा ग्रुपवर टाकली. खाली माझं नाव झळकत होतं म्हणून. हेही लिहा!

ठाणेदारांनी मान वर केली. "हे लिहिलं तं तुम्हीही अडकता."

"लिहा."

*

वहाबच्या दारात त्याची बायको बिस्मिल्ला उभी होती. "आज कॅमेरा नाही आणला?" ती म्हणाली. गजेंद्रनं मान खाली घातली. सगळं सांगितलं, स्वतःचं सुद्धा.

प्लॅस्टरमधला हात मांडीवर ठेवून वहाब ऐकत होता. "तुमची माफी राहू द्या भाऊ. माह्या हातात आता दाभण ठरत नाही, तुमची माफी कशी ठरन? तारखेले या. अन् तो साहेब येते का, ते पाहू."

आला. सहा महिन्यांनी, तीन नोटिसा आणि एका वॉरंटनंतर. आरोपपत्रात कंपनीचं नाव पहिलं, संचालकांचं दुसरं, गजेंद्रचं तिसरं. गजेंद्रची नोकरी गेली होती. पुकारा झाला तेव्हा ज्या माणसाचं तोंड जिल्ह्यात कुणी पाहिलं नव्हतं, तो पिंजाऱ्यासमोर उभा राहिला आणि आपलं पूर्ण नाव सांगू लागला. मागच्या बाकावर वहाब उठून उभा राहिला. नीट दिसावं म्हणून!

वाचकहो, खटला अजून चालू आहे. पण एवढं आपण आजच शिकू. बातमीनं माणूस मोडला, तर ‘कंपनीकडून चूक झाली’ एवढ्यावर घरी जाऊ नका. माहीत असून हुकूम कोणी दिला, ते नाव विचारा, ठाण्यात लिहून घ्यायला लावा आणि तारखेला हजर राहा. आणि ती बातमी तुमच्या बोटानं पुढं गेली असेल, तर आधी तुमचं नाव सांगा.