गुरुवारची सुट्टी

जिन्याच्या तोंडाशी थांबून स्वरूपाने खांद्यावरची पिशवी उलटी करून घेतली. पिशवीवर संस्थेचे नाव होते आणि त्याखाली 'घरभाडे साहाय्य योजना' अशी ठसठशीत अक्षरे, रस्त्यापलीकडून वाचता यावीत अशी. ती तिनेच हौसेने छापून घेतली होती. आता तीच अक्षरे पोटाशी दाबून ती पायरी चढणार, तोच ओट्यावर मेथी निवडत बसलेल्या घरमालकीण सुभद्राबाईंनी मान वर केली.

"कुणाकडं?"

"कोंडीरामभाऊंकडे. वरच्या खोलीत."

"कंपनीतनं आलाय व्हय?" सुभद्राबाईंनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. "मग सायबाला सांगा तुमच्या, पगार वेळंवर देत जा म्हनावं. दोन म्हैनं झालं, आज देतो, उद्या देतो. हितं चार पोरं खोलीसाठी थांबल्याती, समदी कंपनीवाली. रविवारपतोर वाट बघनार. मग सामान खाली."

स्वरूपा नुसते "बरं" म्हणाली. खोटे बोलायला नको म्हणून एवढाच शब्द निवडला, पण जिना चढताना तिला कळले की तोही खोटाच होता.

कोंडीराम गेल्या आठवड्यात डांगे चौकाजवळच्या संस्थेच्या कार्यालयात आला होता, तो कंपनीचा निळा शर्ट घालून, गळ्यात ओळखपत्र अडकवून. चाकणच्या एका कारखान्यात तो ठेकेदारामार्फत कामाला होता. एका सकाळी ठेकेदाराने गेटवरूनच वीसेक जणांना परत पाठवले. तेव्हापासून तो रोज पहाटे डबा घेऊन बाहेर पडत होता. कंपनीच्या बसच्या थांब्यापर्यंत जायचे, शेजारपाजारच्यांना दिसायचे, बस गेली की मजूर अड्ड्यावर जाऊन उभे राहायचे. काम मिळाले तर मिळाले. घरी यातले काही सांगितले नव्हते. घरभेटीशिवाय मदत नाही, असे स्वरूपाने सांगितल्यावर तो टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाला,

"मग गुरुवारी या, मॅडम. सुट्टी असती."

काम गेलेल्या माणसाने आठवड्याची सुट्टी तेवढी चुकवली नव्हती. स्वरूपाला तेव्हा हसू आले होते, आणि घरी गेल्यावर त्या हसण्याची लाज वाटली होती.

गुरुवारी बायको लेकीला घेऊन माहेरी, संत तुकाराम नगरला जाते, असेही तो म्हणाला होता. दार उघडले ते बायकोनेच, कस्तुराने.

"कोण पाहिजे?"

मागे पलंगाच्या कडेवर कोंडीराम बसला होता. पलंगावर सहा-सात वर्षांची मुलगी कपाळावर ओल्या कापडाची घडी घेऊन झोपली होती. म्हणजे तापामुळे माहेरी जाणे राहिले. कोंडीरामने स्वरूपाकडे पाहिले आणि त्याचा चेहरा असा उतरला, की आल्या पावली परतावे, असे तिला वाटले. पण मदत मंजूर करणाऱ्या समितीची बैठक आज संध्याकाळीच होती. आजची वेळ हुकली तर विषय पुढच्या महिन्यावर जाणार, आणि सुभद्राबाई रविवारपलीकडे थांबणार नव्हत्या.

चपला काढायला ती वाकली आणि पिशवी फिरली. कस्तुराने अक्षरे वाचली.

"अहो, तुम्ही होय!" तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. "या ना आत, ताई. आमचे पप्पा दरवर्षी द्यायचे तुमच्या संस्थेला. कंपनीतून रिटायर झाले तरी चुकवलं नाही कधी."

स्वरूपाच्या ध्यानात यायला क्षणभर वेळ लागला. योजनेचा निम्मा पैसा याच वस्त्यांतून उभा राहायचा. वर्षातून एकदा कार्यकर्ते पिशव्या अडकवून कामगारांच्या घरोघर फिरायचे आणि ज्याच्या हाताला काम आहे तो एका दिवसाचा पगार द्यायचा. ज्या गल्लीतून पैसा येतो त्याच गल्लीत तो जातो, असे स्वरूपा सभांमधून अभिमानाने सांगत असे. देणारे दार आणि घेणारे दार एकच निघेल, हे मात्र तिच्या कधी डोक्यात आले नव्हते.

खरे काय ते सांगायला अजून वेळ होता. तिने कोंडीरामकडे पाहिले. त्याने मान अगदी थोडी हलवली. नको.

"एका दिवसाचा पगार ना?" कस्तुरा फळीवरचा डबा काढत म्हणाली. "यांचा पगार लांबलाय जरा. या वेळी एवढेच घ्या." तिने पाचशेची नोट दोन्ही हातांनी पुढे केली. "आमच्या मालकीणबाई सारख्या बोलतात, पण आमचं निभतंय. ज्याचं कामच गेलं, त्याच्या घरात काय होत असेल हो? भाडं मागायला माणूस दारात उभा राहिला की ती बाई काय सांगत असेल?"

स्वरूपाचा हात पुढे होईना. एवढी वर्षे माणसांना पैसे देताना जे शब्द सुचायचे, त्यांतला एकही आता उपयोगाचा नव्हता.

"राहू द्या, ताई. मुलगी आजारी आहे."

"राहू कसं देऊ? दारात आलात तुम्ही." नोट तशीच पुढे. "घ्या. पावती यांच्या नावाने करा."

"कस्तुरा," कोंडीराम म्हणाला. "ठेव त्ये."

"का?"

तो उठून उभा राहिला, आणि उभे राहून काय करायचे हे न समजल्यासारखा पुन्हा बसला.

"त्या न्यायला न्हाई आल्या. द्यायला आल्यात. आपल्याला."

मुलीने कूस बदलली. कपाळावरची घडी उशीवर पडली. कस्तुराने ती उचलून पुन्हा नीट ठेवली आणि मुलीकडेच बघत विचारले,

"कधीपासून?"

"दोन म्हैने झाले."

स्वरूपाला वाटले, आता आवाज चढेल. घरभेटींत तिने असे प्रसंग पाहिले होते, भांडी आपटलेली पाहिली होती. कस्तुराने मात्र एवढेच विचारले, "डबा कुठे खात होता?"

"अड्ड्यावर. कधी बसथांब्याच्या मागं."

कस्तुरा स्वरूपाकडे वळली.

"काय काय लागतं याला?"

"घरमालकांची संमती. सही आजच हवी. पैसे थेट त्यांच्या खात्यात जातात."

"खालच्या मावशीला कळलं तर रविवारपर्यंतबी थांबायची न्हाई ती," कोंडीराम घाईने म्हणाला. "कंपनीवाल्यालाच खोली देती. मॅडम, माझ्या हातात द्या, म्या नेऊन देतो तिला. हात जोडतो."

पैसे थेट मालकाला, हा नियम स्वरूपाचाच होता. एकाने भाड्याचे पैसे दारूत घालवले, तेव्हा टेबलावर हात आपटून तिने तो समितीकडून मंजूर करून घेतला होता. एकाच्या पापासाठी तिने सगळ्यांनाच चोर ठरवले होते, आणि हे कळायला तिला या खोलीत येऊन बसावे लागले.

"मी बोलून बघते समितीत," ती म्हणाली. "या वेळेपुरती रोख..."

"नको." कस्तुराने नोट मुठीत घट्ट धरली होती. "किती दिवस लपवायचं अजून?"

ती बाहेर गॅलरीत गेली. कोंडीराम दारापर्यंत धावला, पण तिला अडवायला त्याचा हात उठला नाही.

"मावशी, जरा वर येता का?"

"काय गं?"

"यांचं काम गेलंय. दोन महिने झाले. संस्था भाडं भरणार आहे, तुमची सही पाहिजे."

ती ओरडली नव्हती, पण शेजारच्या दोन दारांतून बायका डोकावल्या. जिन्यावर पावले वाजली, एकेक पायरी थांबून. कोंडीरामने भिंतीला पाठ टेकली.

सुभद्राबाई दम खात दारात उभ्या राहिल्या. त्यांच्या बोटांना मेथीची माती होती.

"मंजी पगार लांबला न्हवता."

"नाही," कस्तुरा म्हणाली.

सुभद्राबाईंनी कोंडीरामकडे पाहिलेच नाही. त्या स्वरूपाकडे वळल्या.

"तुमी कंपनीवाल्या न्हाई तर. पैसं कुनाच्या खात्यात?"

"तुमच्या. थकलेलं भाडं आणि पुढचे तीन महिने. तोवर मात्र खोली खाली करायला सांगायचं नाही."

"म्हैन्याच्या म्हैन्याला? लांबनार न्हाई?"

"नाही."

म्हातारीने पदराला हात पुसले. "मग कंपनीपरीस ह्ये बरं की. त्या पोरांचंबी काय, आज कंपनी हाय, उद्या न्हाई. कुटं करायची सही?"

ज्या भीतीपोटी माणूस दोन महिने बसथांब्याच्या मागे जेवला, ती एवढ्यात निकालात निघाली. सुभद्राबाईंनी एकेक अक्षर कोरून सही केली आणि मेथी उन्हात पडल्याचे सांगत खाली गेल्या. हसावे की काय, अशा चेहऱ्याने कोंडीरामने बायकोकडे पाहिले.

कस्तुरा हसली नाही. मुलीच्या अंगावरची चादर सारखी करत ती म्हणाली,

"हिचा ताप उतरला की हिला आईकडे ठेवू. अड्ड्यावर मीही येते."

"तू?"

"का? बायकांना घेत नाहीत तिथे?"

कायम नोकरीवाल्याच्या घरी वाढलेली ही पोरगी आपल्याला देताना तिच्या बापाने दहा वेळा विचार केला होता, हे कोंडीरामला ठाऊक होते.

"घेत्यात," तो म्हणाला.