देवधानाचा तुकडा

"बाई, त्या तुकड्यात बैल घालू देऊ नको. तुह्या हातात हाये तोवर तरी नाई."

माझ्या सासूबाई, केशरबाई, जाण्याआधी एवढंच बोलल्या. दागिना कोणाला, भांडी कोणाला, ते काही नाही. मी त्यांचा हात धरून हो म्हटलं.

तुकडा म्हणजे आमच्या शेताच्या खालच्या अंगाची, नाल्याला लागलेली खोलगट जागा. पावसाळ्यात तिथं घोट्याएवढं पाणी साचतं आणि देवधान आपोआप उगवतं. कोणी पेरत नाही, कोणी निंदत नाही. पिकलेला दाणा गळून मातीत पडतो, पुढच्या पावसात पुन्हा वर येतो. ऋषिपंचमीला आम्ही बायका बैलाच्या कष्टाचं खात नाही. त्या दिवशी गावातल्या उपासकरणी याच धानाचा भात खातात. सासूबाई आदल्या सालचे दाणे ओंजळ-ओंजळ घरोघरी देत. त्यांच्यामागं मी देते.

यंदा उन्हाळ्यात आमचं शेततळं मंजूर झालं. ते मंजूर व्हावं म्हणून मीच सोमवार धरले होते. गेल्या साली होळीआधीच विहिरीनं तळ गाठला आणि कामरगावच्या बाजारात न्यायची वांगी झाडावरच सुकली. मी महादेवाला तळं मागितलं. कुठं, ते बोलायचं राहिलं.

मोजणीला कृषी खात्याचे साहेब आले. वयानं माझ्या लेकाएवढे. मोबाइल हातात धरून शेतभर चालले आणि नेमके तुकड्यात येऊन थांबले.

"इथंच."

"साहेब, वरच्या कोपऱ्यात घ्या नं," मी म्हटलं.

"काकू, वर खडक आहे. पाणी जिथं जमतं तिथंच तळं. आणि मंजुरी याच जागेची आहे. जागा बदलायची तर अर्ज पहिल्यापासून. मग नंबर कधी लागेल, मी नाही सांगू शकत."

"पण तुमची ही योजना माती-पाणी जपायचीच हाये नं?"

"हो."

"मंग हा तुकडा आमी जपूनच राह्यलो. माह्या सासूनं जपला, तिच्या सासूनं जपला. त्याले काही मदत नाई का?"

माणूस वाईट नव्हता. टोपी काढून त्यांनी खरंच विचार केला. "बांध घाला, मदत आहे. झाडं लावा, आहे. तळं खोदा, आहे. पण काकू, जमीन आहे तशी राहू द्यायची, यासाठी माझ्यापाशी काहीच नाही."

त्यांना मी चहा दिला. दुसरं काय देणार?

साहेब गेल्यावर आमचे हे, बापूराव, बैलांना पाणी पाजता पाजता म्हणाले, "तुह्या पंचमीले बैल चालत नाई. जेसीबीले कुठं शिंगं हायेत?"

मला हसू आलं. मग त्यांचंच हसू गेलं. "वांगी सुकली तवा तू माह्यासंगं रडली का नाई?"

रडले होते.

"देवधान कारंज्याच्या दुकानात पुडीत भेटते," ते हळूच म्हणाले.

"पुडीतलं कोन्या वावरातलं, त्याले बैल लागला का नाई, कोण सांगन?"

ते बैल घेऊन गोठ्याकडं वळले. मी देवापुढं जाऊन बसले, पण मागायला तोंड होईना. जे मागितलं होतं, तेच तर मिळालं होतं.

आमच्या खाली नाल्याला लागून रत्नमालाचं शेत. त्यांच्याकडं ऋषिपंचमी नसते. पौर्णिमेला ती पांढरं लुगडं नेसून विहारात जाते, पंचमीला मी नाल्यावर. माझ्या उपासाला तिनं कधी नाव ठेवलं नाही. तुकड्याची दाणे पडलेली माती नेऊन टाकायला मी तिला तिच्या नाल्याकाठचा ओला कोपरा मागितला.

"घे नं वं. मातीच टाकतं, घर थोडीच बांधून राह्यली!" ती म्हणाली. मग थांबली. "पण ऐक. आमच्या यानंही तळ्याचा अर्ज टाकला. नंबर लागला तं तिथंही मशीन येईन. मंग मले बोल लावजो नको."

"नाई लावत."

"नंबर नको लागो, असं म्हणू का मंग?"

"तसं नको म्हणू, बाई. तुमचीबी विहीर आटते."



मशीन सकाळीच आलं. चालवणारा उदयसिंग म्हणून, दूरच्या गावचा. पहिल्याच खोऱ्याला तुकड्याची वरची माती उचलली गेली. तिच्यात देवधानाचं वाळलेलं काड लोंबत होतं. मी पुढं झाले.

"भाऊ, ही माती इकडं वेगळी टाकतं का? एवढीच."

"माती तं माती, माय. देवळात नेता का?" तो हसला, पण त्यानं खोरं माझ्या पायाशी रिकामं केलं.

बाकीची सगळी काठाच्या भरावात गेली. खालून पिवळा मुरूम निघू लागला. सवयीनं माझे हात जोडले गेले. तळ्याला जोडले की तुकड्याला, कळलं नाही.

मी टोपलं भरत होते, तेवढ्यात हे बैलगाडी जुपून घेऊन आले. "आण इकडं. एका खेपेत टाकून देतो."

मनापासूनच म्हणाले. मी माती हातात धरून तशीच उभी राहिले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग बैलांकडं.

"अरे हो," ते म्हणाले.

गाडीवरून उतरले. खांद्यावरच्या दुपट्ट्याची चुंबळ वळून माझ्या डोक्यावर ठेवली आणि टोपलं उचलून दिलं.

"मानेले जमन का?"

"जमन."

"अन् नाई उगवलं तं?"

मागं मशीन चालूच होतं. मी टोपल्याला एक हात लावला, आणि शेताच्या बांधावरून, धुऱ्याधुऱ्यानं, रत्नमालाच्या कोपऱ्याकडं निघाले.