घंटेची गाय

अमेरिकन फुटबॉलचे मोठे संघ दरवर्षी कॉलेजांतून नवे खेळाडू निवडतात, त्या निवडीच्या पहिल्या संध्याकाळी व्हर्लीनच्या घरातले तळलेले मासे संपले, बटाट्याचं सॅलड संपलं, टीव्हीवरची नावंही संपली. तिच्या पोराचं, टेव्हिसचं, नाव काही आलं नाही. मोठ्या संघांनी एकेक करून पोरं उचलली. चेंडू फेकणारी, झेलणारी, नुसतीच आडवी उभी राहणारी धिप्पाडसुद्धा. टेव्हिस रनिंग बॅक. चेंडू पोटाशी धरून समोरच्या माणसांच्या भिंतीत घुसणारा. नवा सूट खुर्चीवर नीट ठेवून तो झोपायला गेला.

खिडकीत गाईची घंटा होती, वाजवायची राहिलेली. मिसिसिपीत सामन्याला अशा घंटा खूपजणी नेतात, पण ही कोच होल्कम्बने दिली होती. शाळेत टेव्हिस आधी चेंडू झेलायचा, आणि सुरेख झेलायचा. कोचने त्याला रनिंग बॅक केलं. सगळा संघ ज्या एकाच्या पायांवर चालतो, त्याला या खेळात, कळपापुढे चालणाऱ्या घंटा बांधलेल्या गाईवरून, घंटेची गाय म्हणतात. "तुमचा पोरगा माझी घंटेची गाय, मिस व्हर्लीन," म्हणत त्याने ती तिच्या हातात ठेवली, तेव्हा तिला कोण अभिमान वाटला होता. दर शुक्रवारी शाळेच्या सामन्यात मनगट दुखेस्तोवर ती वाजवायची, आणि घरी येऊन पोराच्या गुडघ्यांना बर्फ बांधायची.

कोच आता शाळा सोडून उत्तरेकडच्या एका संघाला खेळाडू सुचवत असे. पहिल्याच संध्याकाळी, पहिल्या फेरीत आम्हीच घेऊ, असं त्यानेच सांगितलं होतं. प्रत्यक्षात त्याच्या संघाने एक झेलणारा घेतला.

सकाळी कोच गरम बिस्किटं, म्हणजे तिकडचे लोण्यातले छोटे पाव, घेऊन हजर.

"काल इथे बसून माशांची एकही फेरी चुकवली नाहीत हं, कोच," व्हर्लीनचा भाऊ ल्यूशस म्हणाला. कोच मोकळेपणी हसला.

टेव्हिस अजून झोपला होता. व्हर्लीनने कॉफी ओतली आणि काय झालं ते विचारलं. चांगली बातमी द्यावी तसं त्याने सांगितलं. संघ घ्यायला तयार होता, त्यानेच नको म्हटलं. रनिंग बॅक लवकर घेणं म्हणजे पैसे पाण्यात. चार-पाच वर्षांत पाय संपतात, आणि टेव्हिसचे तर निम्मे आधीच वापरून झालेत. थांबा, उद्या तिसऱ्या फेरीत स्वस्तात मिळेल, असा सल्ला त्याने दिला होता. म्हणजे आज नक्की.

"निम्मे कुणी वापरले, कोच?"

तो कॉफीवर फुंकर मारत राहिला.

"पळणाऱ्यांचं असं होतं, हे तेव्हा माहीत नव्हतं तुम्हाला?"

"होतं. पण मला सामने जिंकायचे होते, मिस व्हर्लीन."

"म्हणून तुमच्या रीडला झेलायला ठेवलंत."

रीड त्याचा मुलगा. टेव्हिसची जागा रिकामी झाली तेव्हा तिथे तोच उभा राहिला होता. व्हर्लीनने ते इतकी वर्षं पाहिलं होतं, दिसलं आत्ता. कोचने बिस्किट अर्धंच खाल्लं.

संध्याकाळी फोन आला, कोचच्याच संघाचा. टेव्हिस उभा राहून "हो सर, हो सर" म्हणाला, फोन ठेवला आणि रडतच आधी कोचच्या गळ्यात पडला. पोराच्या खांद्यावरून कोच व्हर्लीनकडे पाहत होता. सांगू नका, एवढंच त्या डोळ्यांत होतं. ती सांगणार नव्हतीच. पोराला त्याच लोकांत दिवस काढायचे होते.

"ताई, घंटा!" ल्यूशस ओरडला.

तिने खिडकीतली घंटा उचलली आणि कोचच्या हातात दिली.

"तुमची गाय, कोच. तुम्हीच वाजवा."

टेव्हिसला गंमत वाटली. डोळे पुसत, हसत तो बघत राहिला, म्हणून कोचला ती वाजवावी लागली.